माल्टाची दहा फेब्रुवारी: फुटलेल्या जहाजाचा सण

वसईच्या माणसाला सण काय असतो हे शिकवायची गरज नाही. आमच्याकडे प्रत्येक देवळाचा सण, नऊ दिवस नोव्हेना, सणाच्या दिवशी मिस्सा, बँड, पाहुणे, आणि कोणाकडे किती पान उठलं याची आतल्या आत चाललेली स्पर्धा. त्यामुळे धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं की यायचंच असेल तर १० फेब्रुवारी धरून या, इथे त्या दिवशी देशाचा सण असतो, सगळ्यांना सुट्टी, तेव्हा मी म्हटलं बरं, येतो, त्यात काय एवढं. मग ती म्हणाली, जहाज फुटल्याचा सण आहे. मी म्हटलं वाचल्याचा म्हणायचंय का तुला? तर म्हणे नाही, फुटल्याचाच, देवळाचं नावच ते आहे, सान पॉल नवफ्रागू, जहाज फुटलेला संत पौल.

बहिणीला घरात छोटी म्हणतात (वय ३४, तरी छोटीच). चार वर्षं माल्टात नर्स आहे, एका वृद्धाश्रमात. माल्टा म्हणजे इटलीच्या पायाखाली समुद्रात पडलेला बेटांचा देश, सगळा मिळून ३१६ चौरस किलोमीटर, आपल्या मुंबईच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि माणसं साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या वसई-विरारमध्येच त्याच्या दुपटीहून जास्त असतील. एवढ्याशा देशाला संत मात्र भरपूर, गावागणिक देऊळ, देवळागणिक फेस्ता, म्हणजे देवळाचा सण. बाकीचे बहुतेक सण उन्हाळ्यात, हा एक मोठा सण ऐन थंडीत, कारण जहाज थंडीत फुटलं.

मम्मी मात्र अडून बसली. वय ६८, पासपोर्ट पहिल्यांदाच काढलेला, पण अडचण ती नव्हती. "६ तारखेला आपला गोन्सालो गार्सिया आणि मी त्या दिवशी विमानात?" आता हे वसईबाहेरच्यांना सांगायला हवं, गोन्सालो गार्सिया म्हणजे आमच्या वसईत जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला बाकीच्या २५ जणांबरोबर क्रुसावर गेलेला, १८६२ ला संत जाहीर झालेला, भारतात जन्मलेला पहिला संत. घरचा संत सोडून परक्याच्या सणाला जायचं हे तिला पटेना. शेवटी छोटीनेच फोनवर समजूत काढली, गोन्सालो पण बोटीनेच गेला होता ना जपानला, पौल पण बोटीतलाच, ते दोघं आपापसात बघून घेतील.

६ फेब्रुवारी

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मध्ये एक विमान बदललं, मम्मीने दोन्ही विमानांत मिळून तीन वेळा रोजरी केली आणि शेजारच्या मुलाला सुकेळी खायला दिली. सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली राजेळी केळी, बॅगेत चार किलो होती, कपडे कमी नि सुकेळी जास्त. माल्टाच्या एअरपोर्टवर छोटी उभी होती, मम्मीने तिला बघून पहिलं वाक्य काय म्हणावं, "किती वाळलीस, सुकेळीच झालीस." रडारडी वगैरे त्यानंतर.

७ फेब्रुवारी

छोटी राहते बुजिब्बाला. हे गाव सेंट पॉल्स बे नावाच्या खाडीवर आहे, आणि जहाज इथेच कुठेतरी फुटलं असं इथले लोक पिढ्यानपिढ्या मानत आलेत. सकाळी खाली उतरलो तर वारा असा की मम्मीची शाल दोनदा उडाली. बिल्डिंगमध्ये खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी आकाशाकडे बोट करून सांगितलं, ग्रीगाल. ईशान्येकडून येणारा वारा, हिवाळ्यात इथले मच्छीमार याच वाऱ्याला टरकून असतात. पौलाचं जहाज ज्या वादळाने भरकटवलं ते पण ईशान्येकडचंच, बायबलात तसंच आहे.

समुद्राकडेच्या बाकावर बसून मम्मीने पर्समधून बायबल काढलं आणि प्रेषितांची कृत्ये, २७ आणि २८ वा अध्याय, मोठ्याने वाचायला घेतला. आजूबाजूला जॉगिंग करणारे गोरे लोक, एक कुत्रा आणि आम्ही. खरं सांगतो, मी हे अध्याय आयुष्यभर मिस्सेत ऐकत आलोय पण नीट कधीच ऐकले नव्हते. समोर तोच समुद्र असताना ते वेगळंच लागतं. येशूचा प्रचार करत फिरणारा पौल कैदी आहे, त्याला रोमला बादशहापुढे न्यायचंय. तो सांगतोय की आता हिवाळा तोंडावर आलाय, पुढे जाऊ नका, पण कैद्याचं कोण ऐकतं, अंमलदार जहाजाच्या मालकाचं ऐकतो. मग वादळ, चौदा रात्री, सूर्य नाही तारे नाहीत, कोणी जेवलेलं नाही. जहाजावर २७६ माणसं, हा आकडा लिहिलेला आहे, मोजून. खोली मोजतात तर २० वाव, थोडं पुढे १५ वाव, मग मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. जहाज वाळूत रुतून फुटायला लागतं तेव्हा शिपायांचं म्हणणं, कैद्यांना मारून टाकू, नाहीतर पोहून पळतील. अंमलदार थांबवतो. ज्यांना पोहता येतं ते उड्या मारतात, बाकीचे फळ्यांवर, तुकड्यांवर, जे सापडेल त्यावर. सगळे २७६ जिवंत किनाऱ्याला लागतात.

आणि मग ते बेटावरचे लोक. पाऊस होता, थंडी होती म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतलं. पौल काटक्या गोळा करून आगीत टाकतो तर आतून साप निघून त्याच्या हाताला डसतो. लोक म्हणतात, हा नक्की खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी न्यायदेवता सोडेना. मग तो मरत नाही हे बघून थोड्या वेळाने तेच लोक म्हणतात, अरे हा तर देव आहे! मम्मी वाचायची थांबली, चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "लोकं सगळीकडची सारखीच."

जिथे ती शेकोटी पेटवली म्हणतात तिथे किनाऱ्यालाच एक छोटं देऊळ आहे, लोक त्याला शेकोटीवरचंच नाव देतात, ताल-हुज्जीजा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून ते उद्ध्वस्त झालं, मग परत बांधलं. खाडीच्या तोंडाशी दोन बेटं दिसतात, तिथे कोणी राहत नाही, १८४४-४५ मध्ये उभारलेला संत पौलाचा पुतळा आहे तिथे. आमच्या बाकावरून तो काडेपेटीतल्या काडीएवढा दिसत होता, मम्मीला दिसलाच नाही पण तिने दिसला म्हणून हात जोडले. आता जहाज नक्की इथेच फुटलं का यावर वाद आहेतच, क्रोएशियातलं म्ल्येत बेट पण म्हणतं आमच्याकडेच फुटलं, माल्टातही कोणी ही खाडी म्हणतं कोणी दुसरी. माझं मत विचाराल तर ज्याने शेकोटी लक्षात ठेवली त्याची खाडी.

८ फेब्रुवारी

छोटीची सकाळची ड्युटी होती, दुपारी बसने रबातला. राजधानीत नाही, बेटाच्या मधोमध आहे हे गाव, आणि नावावरून लक्षात आलंच असेल, अरबी. माल्टात अरबांचं राज्य दोनेकशे वर्षं होतं, नंतर सगळे कॅथोलिक झाले पण भाषा अरबीच्या पोटातलीच राहिली, फक्त लिपी रोमन. देवाला अल्ला म्हणतात. उपवासकाळाला रन्दान म्हणतात, रमजानच तो. छोटीने हे आधी सांगितलं तेव्हा मम्मी "काहीतरीच काय" म्हणाली, पण देवळात मिस्सेला बसल्यावर नमो मरिया त्यांच्या भाषेत सुरू झाली, "स्लीम आलिक मरीया", तर कानात सलाम आलेकच वाजतं. मम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गोड वाटतं पण."

रबातला संत पौलाची गुहा आहे. जहाज फुटल्यावर तो तीन महिने बेटावर होता, त्यातला काही काळ इथे राहिला अशी श्रद्धा. पायऱ्या उतरून खाली जायचं, दगड पिवळसर, ओल आलेली, वर छत इतकं खाली की मी वाकलो, मम्मीला वाकावं लागलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस माल्टात आले तेव्हा इथे खाली येऊन प्रार्थना करून गेले. त्यांच्या त्या भेटीचं ब्रीदवाक्य याच अध्यायातलं होतं, बेटावरच्यांनी आम्हाला विलक्षण माणुसकी दाखवली, ते. आणि बोलले ते लिबियाकडून बोटीतून येणाऱ्या लोकांबद्दल. आता ते वाक्य माल्टावाल्यांना जरा चिमटा काढणारंच आहे, कारण ज्यांच्यात समुद्रातून येणाऱ्यांचं काय करायचं यावर भांडण चालू आहे त्यांच्याच राष्ट्रीय सणाचा नायक समुद्रातून फळी धरून आलेला कैदी आहे.

छोटी पटकन म्हणाली, सगळ्यांना नका एका मापात धरू. तिचं पहिलं घर ज्याचं होतं त्याने सोडताना डिपॉझिट परत दिलंच नाही, भिंतीला डाग पडले म्हणाला, डाग आधीपासून होते. आणि त्याच आठवड्यात वृद्धाश्रमातल्या एका आजींच्या मुलीने तिला तीन आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, भाडं नाही काही नाही. दोन्ही इथलेच.

गुहेजवळच्या दुकानात काचेत छोटे त्रिकोणी दगडासारखे दात ठेवले होते. हे म्हणजे जुन्या काळच्या शार्क माशांचे दगड झालेले दात, इथल्या चुनखडीत सापडतात. लोक त्यांना म्हणायचे इल्सियेन सान पॉल, संत पौलाची जीभ, आणि कित्येक शतकं युरोपभर विषावरचा उतारा म्हणून हे विकले गेले. कारण काय तर पौलाला साप चावून काही झालं नाही तेव्हापासून माल्टातल्या सापांचं विषच गेलं. खरंच, इथे साप आहेत पण माणसाचा जीव घेईल असा एकही नाही. दुकानातल्या बाई हसत म्हणाल्या, मग ते विष गेलं कुठे माहितीय? बायकांच्या जिभेवर. हे म्हणे इथले पुरुष नेहमी सांगतात. छोटीने मम्मीला भाषांतर करून सांगितलं. मम्मी म्हणाली, "सांग तिला, आमच्याकडे साप चावून नवरा मेला तरी दोष बायकोच्याच जिभेला देतात." हे छोटीने भाषांतर केलं की नाही माहीत नाही, पण बाईंनी एक दात कागदात गुंडाळून फुकट दिला.

बाजूलाच म्दीना, तटबंदीतलं जुनं शहर, तिथलं कॅथेड्रल पण संत पौलाचं. पुब्लियुस म्हणून बेटाचा मुख्य माणूस होता, त्याच्या बापाला ताप आणि हगवण होती, पौलाने बरं केलं, त्या पुब्लियुसचं घर इथे होतं म्हणतात, आणि तोच माल्टाचा पहिला बिशप अशी परंपरा. १६९३ च्या भूकंपात जुनं कॅथेड्रल पडलं, नवं लोरेन्झो गाफाने बांधलं. बाहेर दोन घड्याळं, एक वेळेचं आणि एक तारखेचं, सैतानाचा गोंधळ उडावा म्हणून अशी ठेवतात. सैतानाचं माहीत नाही, माझा उडाला, परतीची बस चुकली. मग पुढची बस येईपर्यंत थंडीत उभं राहून पास्तिझी खाल्ले. पापुद्र्यांची करंजी समजा, आत वाटाणा नाहीतर रिकोटा चीज. वाटाण्याची घ्या. मम्मीचं म्हणणं मीठ बरोबर आहे, मिरची हवी होती.

९ फेब्रुवारी

व्हॅलेटा. १५६५ साली तुर्कांचा वेढा उठला, पुढच्याच वर्षी या शहराचा पाया घातला, इथले लोक त्याला नुसतं शहर म्हणतात, इल-बेल्त. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ पण उतार असे की मम्मीला एका बाजूने मी नि एका बाजूने छोटी. दोन्हीकडे उंच घरं आणि त्यांना लाकडी बंद गॅलऱ्या, हिरव्या, लाल, निळ्या. पुढे या गॅलऱ्यांचाच खेळ आहे, लक्षात ठेवा. सेंट जॉन्स कॅथेड्रलमध्ये जाऊन काराव्हाज्जोचं १६०८ सालचं ते मोठं चित्र बघितलं, ज्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं कापतायत आणि खाली सांडलेल्या रक्तात चित्रकाराने सही केलीय. त्याच्यावर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल, सोडतो.

सेंट पॉल स्ट्रीटवरचं जहाज फुटलेल्या पौलाचं देऊळ बाहेरून विशेष नाही, रस्ता अरुंद म्हणून मान वर करूनही नीट दिसत नाही. आत गेलात की मात्र डोळे फाटतात. सणासाठी खांबांना भिंतींना लाल दमास्क कापड चढवलेलं, चांदी घासून पुसून मांडलेली, फुलं. संताच्या उजव्या मनगटाचं हाड इथे आहे, आणि रोमला ज्या खांबावर त्याचं डोकं उडवलं म्हणतात त्या खांबाचा तुकडा, तो पोप पायस सातवे यांनी दिलेला. मम्मीने गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं जपलेलं शव बघितलेलं असल्याने ती अवशेषांच्या बाबतीत एक्स्पर्ट. "इथे मनगट, गोव्याला जवळजवळ अख्खा," म्हणाली. झेवियरचा पण उजवा हात रोमला आहे हे मी सांगितल्यावर, "मग रोमवाल्यांना एवढे हात लागतात कशाला?"

आणि मूर्ती. १६५९ च्या सुमारासची, लाकडाची, मेल्कियोरे काफाने केलेली, म्दीनाचं कॅथेड्रल बांधणाऱ्या लोरेन्झोचा हा भाऊ, आडनाव कोणी काफा लिहितं कोणी गाफा. एवढा गुणी मुलगा की रोममध्ये नाव काढलं आणि १६६७ ला तिथेच काम करताना अंगावर शिल्पाचं मॉडेल पडून गेला, जेमतेम तीस-एकतीसचा. पौलाची दाढी वाऱ्याने उडतेय, वस्त्र उडतंय, हात वर केलेला. आपल्याकडच्या संतांच्या मूर्ती शांत उभ्या असतात, हा शांत नाहीये, हा आत्ताच काहीतरी सांगून थांबलाय किंवा सांगायला सुरुवात करतोय.

मूर्तीपाशी एक काका उभे होते, पालखीचे दांडे तपासत. छोटीला तोडकीमोडकी माल्टी येते, काकांना इंग्रजी चांगलं येत होतं (इथे दोन्ही भाषा सरकारी आहेत). मूर्ती खांद्यावरून जाते, चाकं नाहीत. उचलणाऱ्यांना म्हणतात रेफ्फीया. थांबतात तेव्हा दांड्याखाली लाकडी बेळकं लावतात, आपल्याकडे फांदीला आधार द्यायला लावतो तसं. वर्षानुवर्षं उचलून उचलून या लोकांच्या खांद्यावर गाठ येते, मांसाचा घट्टा, त्याला नाव आहे होब्झा. म्हणजे पाव. पावाएवढा उंचवटा. काकांनी स्वतःच्या जॅकेटवरून खांद्याला हात लावून दाखवलं, ते काढून दाखवतील असं वाटलं होतं पण देवळात होतो. काही जणांना डॉक्टर म्हणतात काढून टाकू, तर हे लोक देत नाहीत.

संध्याकाळी बँड. व्हॅलेटात दोन मोठे बँड क्लब, ला व्हॅलेट आणि किंग्ज ओन, दोन्ही रिपब्लिक स्ट्रीटवर जवळजवळच, आणि दोघांत पिढ्यानपिढ्यांची चुरस. हे मला कोणी समजावून सांगायला लागलं तर मी म्हटलं राहू द्या, आम्ही वसईचे. रस्त्यावर उब्बायतचे स्टॉल, बदाम घातलेली चिक्कीसारखी मिठाई, फेस्ता म्हटलं की हवीच. आणि गरमागरम तळलेले, खजूर भरलेले चौकोन, त्यांना म्हणतात इमआरेत, माझ्या कानाला इमारतच ऐकू येत होतं, दोन इमारती खाल्ल्या.

१० फेब्रुवारी

ज्या आजींच्या मुलीने छोटीला तीन आठवडे ठेवून घेतलं त्यांचं माहेर सेंट पॉल स्ट्रीटवर, तिसऱ्या मजल्यावर. तिथे बोलावलं होतं. सकाळी देवळात आर्चबिशपची मिस्सा होती, आत शिरायला जागा नव्हती म्हणून आम्ही दारातूनच अर्धी ऐकली. मग बँड रस्त्याने निघाला आणि सगळ्या गल्ल्या त्याच्या मागे. बायका, पोरं, सूट घातलेले म्हातारे, हातात बिअरचे ग्लास घेतलेली तरुण मुलं, सगळे एकाच सुरात ओरडतायत. भक्ती कुठे संपते आणि मजा कुठे सुरू होते ते मला सांगता येणार नाही, त्यांनाही सांगता येणार नाही. गावोगावच्या या फेस्तांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलं, त्याचा बोर्ड वगैरे कुठे दिसला नाही, बरं झालं.

दुपारी वर गेलो. घरात पंधरा-वीस माणसं, टेबलभर खाणं, आणि कोपऱ्यात गोणपाटाच्या सात-आठ गोण्या. मला वाटलं बटाटे. त्यात कागद होता. बारीक पट्ट्या केलेला, हाताने फाडलेला, कात्रीने कापलेला, ऑफिसच्या मशीनमधून निघालेला. वर्षभर जमवतात म्हणे. मी एक मूठ घेऊन बघितली, एका पट्टीवर विजेच्या बिलाचे आकडे, एकीवर कोणाच्यातरी वहीतलं भागाकाराचं गणित, उत्तर फाडताना गेलेलं, एक वर्तमानपत्राची, एक चक्क औषधाच्या दुकानाची पावती. घरातल्या आजोबांनी मम्मीला गॅलरीत सगळ्यात पुढची खुर्ची दिली आणि तिच्या मांडीवर एक गोणी ठेवली, जशी आपल्याकडे लग्नात अक्षतांची वाटी हातात देतात तशी. मम्मीने विचारलं कधी टाकायचं. आजोबा म्हणाले, कळेल.

चार वाजून गेल्यावर खाली गर्दीला गर्दी उरली नाही, नुसती डोकी. देवळाच्या घंटा एकदम सुरू झाल्या, कुठूनतरी तटावरून फटाके, धूर, आणि देवळाच्या दारातून आधी तो वर केलेला हात बाहेर आला. मग डोकं. सगळा रस्ता ओरडला, विव्हा सान पॉल! आणि वरून कागद.

हे कसं सांगू. फुलं उधळतात ते बघितलंय, गुलाल बघितलाय, भंडारा जेजुरीला बघितलाय. हा कागद खाली पडतच नाही. रस्ता अरुंद, दोन्हीकडे चार-पाच मजले, प्रत्येक गॅलरीतून पोती रिकामी होतायत, आणि वारा होता, तोच ग्रीगाल, तो खालून वर येतो, त्यामुळे पट्ट्या खाली जाता जाता परत वर उडतात, आमच्या तोंडावर येतात, परत जातात. समोरची गॅलरी दिसेना. मूर्ती दिसेना. नुसता पांढरा खळबळाट, आणि त्याच्या मधून पौलाचा हात तेवढा पुढे सरकतोय. पौल पुन्हा वादळात. हे त्यांनी ठरवून केलंय की आपोआप झालंय माहीत नाही, मी विचारलं नाही.

मम्मी आधी चिमूट चिमूट टाकत होती, जपून, मीठ घालावं तशी. आजोबा मागून ओरडले, ऑल, ऑल! तिने माझ्याकडे बघितलं, मग उभी राहिली, गोणी उचलली आणि उलटी केली. गोणीबरोबर तिचा चष्मा पण गेला.

आता तिसऱ्या मजल्यावरून चष्मा, खाली हजारो माणसं, गुडघाभर कागद. विषय संपला म्हणायचा. मी पळत खाली उतरलो, उतरलो म्हणजे दारापर्यंत, पुढे पाऊलच टाकता येईना. दारात एक डिलिव्हरीवाला मुलगा अडकलेला, पाठीवर जेवणाची ती चौकोनी मोठी पेटी, डोक्यावर खांद्यावर कागद, चेहरा आपलाच. विचारलं तर केरळचा. ऑर्डर थंड होत होती आणि तो फोनवर व्हिडिओ कॉल करून आईला मूर्ती दाखवत होता. मी चष्म्याचं सांगितलं तर त्याने पेटी उतरवून माझ्याकडे दिली आणि खाली वाकला. पाच मिनिटं त्या पायांच्या जंगलात दिसेनासा झाला. चष्मा नाही सापडला. पण तो उठला तेव्हा त्याच्या हातात कोणाचीतरी जपमाळ होती आणि एक लहान मुलाचा बूट.

मूर्ती आमच्या दारासमोरच थांबली, खांदे बदलायला. त्या वेळी दोन हातांवरून रेफ्फीया बघितले. पांढरे झगे, मानेवर उशी, चेहरे लालभडक, कागद घामाने गालाला चिकटलेला. पुढच्याने डोळे मिटले होते. मागचा तोंडाने काहीतरी मोजत होता किंवा प्रार्थना करत होता. बेळकी काढली, कोणीतरी एक शब्द ओरडलं आणि सगळे एकदम उठले, दांडा करकरला. जहाजाचं लाकूड करकरतं तसं, मच्छीमारांच्या बोटीवर गेलात तर माहीत असेल.

मूर्ती शहरात फिरून रात्री परत आली तोपर्यंत आम्ही वरच होतो. मम्मीला चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं तरी ती गॅलरीतून हलली नाही. म्हणाली आवाजावरून कळतंय.

११ फेब्रुवारी

सकाळी छोटीची ड्युटी, आणि मम्मीला तिचं कामाचं ठिकाण बघायचं होतं. उरलेली सुकेळी डब्यात भरून नेली. वृद्धाश्रमात खिडकीशी व्हीलचेअरवर एक आजोबा बसलेले, ८९ वर्षांचे, मूळचे व्हॅलेटाचे. छोटी म्हणाली हे रोज एकच गोष्ट सांगतात, तीस वर्षं सान पॉल उचलला. काल टीव्हीवर बघत होते आणि रडत होते, आज रागात आहेत कारण वळणावर मूर्ती डावीकडे झुकली. झुकली नव्हती असं छोटीने तीनदा सांगून झालंय. मला बोलावून विचारलं, तू समोर होतास, झुकली की नाही? मी म्हटलं कागदात काही दिसलं नाही. म्हणाले बरोबर, कागद आता फार टाकतात, आमच्या वेळी दिसायचं.

मग छोटीने मम्मीची ओळख करून दिली. आजोबांनी तिचा हात घेतला आणि शर्टाचं वरचं बटण काढून स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला. होब्झा. मी पण बघितली, चामडी तुकतुकीत, मध्ये उंच, खरंच पावासारखी. मम्मीने चष्मा नसल्यामुळे बोटांनीच नीट बघितली, वरून, कडेने. आमचे आजोबा, म्हणजे तिचे वडील, शेतकरी होते, घरी बैलजोडी होती. ती मराठीत म्हणाली, "अगं, आमच्या बैलांना अस्साच घट्टा यायचा मानेवर, पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून चोळायचे."

आजोबांनी छोटीकडे बघितलं, काय म्हणतेय?

छोटी म्हणाली, "म्हणतेय की तिचे वडील पण खूप ओझं उचलायचे."

आजोबांनी मान डोलावली, फार समाधानाने. मम्मीने डबा उघडून एक सुकेळी त्यांच्या हातात दिली, त्यांनी वास घेतला, अंजीर समजून खाल्ली, आणि बटण न लावताच दुसरीसाठी हात पुढे केला.